वर्गात व्हिडिओ लावा, पण आवाज बंद करून

परीक्षेच्या आदल्या रात्री अख्ख्या धड्याचं 'वन शॉट' लेक्चर दीडपट स्पीडने बघितल्याचा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांना असेल. बघताना सगळं छान समजत असतं. सर बोलतात, आपण मान डोलवतो, 'एवढंच होतं होय!' असं म्हणून मोबाईल बाजूला ठेवतो. दुसऱ्या दिवशी पेपर हातात येतो आणि पहिल्याच प्रश्नाला डोकं रिकामं.

ही जी स्वतःची फसवणूक आहे, ती आता आपण शाळेतल्या लहान पोरांच्या वर्गात रोज करतोय आणि तिला 'डिजिटल शिक्षण' असं भारदस्त नाव दिलंय. 'आपण' म्हणतोय, कारण मी विज्ञानाचा शिक्षक आहे आणि मीसुद्धा ती केली आहे.

आमच्या शाळेत गावाने लोकवर्गणी काढून एलईडी टीव्ही बसवला. नारळ फुटला, फोटो निघाले. मग मी सातवीला विद्युत परिपथ शिकवायला आठ मिनिटांचा एक व्हिडिओ लावला. सुंदर ॲनिमेशन, तारेतून पळणारे पिवळे गोळे, शेवटी लख्ख पेटणारा दिवा. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. संपल्यावर विचारलं, "समजलं का?" एका सुरात उत्तर आलं, "हो सर!"

दुसऱ्या दिवशी मी टॉर्चचे बल्ब, सेल आणि तारेचे तुकडे घेऊन गेलो. पाच-पाच जणांचे गट केले आणि म्हटलं, पेटवा. दहा मिनिटं झाली, एकाही गटाचा बल्ब पेटला नाही. बहुतेकांनी सेलच्या एका टोकापासून एकच तार बल्बच्या बुडाला लावली होती आणि ते वाट बघत बसले होते. एक मुलगी वैतागून म्हणाली, "सर, व्हिडिओत तर पेटला होता."

शेवटी पहिला बल्ब पेटवला तो मागच्या बाकावरच्या एका पोराने. त्याचे वडील मोटारी दुरुस्त करतात, हा सुट्टीत त्यांच्याबरोबर जातो. दुसरी तार जोडता जोडता तो शेजारच्याला म्हणाला, "अरे, करंटला परत यायला वाट नको का?" आठ मिनिटांच्या व्हिडिओत हे वाक्य दोनदा होतं, शुद्ध हिंदीत. वर्गाने ते दोन्ही वेळा ऐकलं होतं.

आमची मुलं मठ्ठ आहेत असं कुणाला वाटत असेल, तर 'माइंड्स ऑफ अवर ओन' नावाचा 1997चा अमेरिकन माहितीपट शोधून बघा. त्यात एमआयटीतून पदवी घेऊन नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना एक सेल, एक बल्ब आणि एक तार देऊन दिवा पेटवायला सांगितलंय. अंगात पदवीदानाचे झगे आहेत आणि कित्येकांचा दिवा काही पेटत नाही.

असं का होतं, याचं एक चांगलं उत्तर व्हिडिओ बनवणाऱ्याकडूनच मिळालेलं आहे. 'व्हेरिटॅसियम' हे चॅनल चालवणाऱ्या डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात 2008 साली पीएचडी पूर्ण केली, तीच मुळी भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर. त्यांनी विद्यार्थ्यांच्या काही गटांना सोपं, स्वच्छ समजावून सांगणारे व्हिडिओ दाखवले. मुलं म्हणाली, मस्त होतं, स्पष्ट होतं. पण चाचणीतले गुण जवळजवळ जिथल्या तिथे राहिले. दुसऱ्या काही गटांना असे व्हिडिओ दाखवले, ज्यांत आधी नेहमीच्या चुकीच्या समजुती मांडल्या होत्या आणि मग त्या खोडल्या होत्या. ही मुलं म्हणाली, गोंधळ झाला. पण गुण त्यांचे वाढले.

म्हणजे व्हिडिओ जितका गुळगुळीत, तितका तो डोक्यावरून अलगद ओघळून जाण्याची शक्यता जास्त. मुलाच्या डोक्यात आधीपासून काहीतरी समजूत असतेच. गोड आवाजातलं स्पष्टीकरण तिला धक्का लावत नाही. उलट मुलाला वाटतं, 'हे तर मला माहीतच होतं.' विहिरीत पोहणाऱ्याचे शंभर व्हिडिओ बघून पोहता येत नाही, हे आपल्याला कळतं. विज्ञान, गणित, भाषा यांच्या बाबतीत मात्र ते का कळत नाही?

दुसरी गोष्ट. व्हिडिओला आपण कुठे वाजतोय हे माहीत नसतं. 'ऋतू' म्हणून सर्च करून पहिला सापडलेला व्हिडिओ लावा. बऱ्याचदा त्यात चार ऋतू निघतील आणि एकात झाडांची पानं लालभडक होऊन गळतील, दुसऱ्यात पोरं बर्फाचा माणूस बनवतील. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा जगणारं, वैशाखात टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहणारं पोर ते बघतं आणि शिकतं काय? की विज्ञान दुसरीकडे कुठेतरी घडतं. जलचक्राचा व्हिडिओ बघून मला एकाने विचारलं होतं, "मग आपल्या विहिरीत पाणी कुठनं येतं?" टीव्हीकडे याचं उत्तर नव्हतं. त्याच्यासाठी मला पोरांना घेऊन विहिरीवरच जावं लागलं.

हे सगळं शिक्षकांना कळत नाही असं नाही. पण वरून विचारलं काय जातं? टीव्ही चालू आहे का, किती तास लावला, फोटो ग्रुपवर टाकला का. पोरांनी काय प्रश्न विचारले, याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही. जे मोजलं जातं तेच केलं जातं.

आणि हे वेड आजचं नाही. 1913 साली थॉमस एडिसन यांनी भाकीत केलं होतं की, सिनेमामुळे शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शाळा पार बदलून जातील. 1975-76मध्ये आपल्याकडे 'साइट' प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत टीव्ही पोचला, शाळेतल्या मुलांसाठी सकाळचे खास कार्यक्रम झाले. एका वर्षाने उपग्रह परत गेला. गावातली मुलं तिथेच होती आणि त्यांना शिकवायचं कामही तिथेच होतं.

आता मला ठाऊक असलेला आक्षेप. "वाईट शिक्षकापेक्षा चांगला व्हिडिओ बरा ना?" वरवर बिनतोड वाटतं. पण हेच वाक्य थोडं पुढे नेलं की 'शिक्षक कशाला, टीव्ही आहे ना' इथे पोचतं. आणि ते कुणाच्या मुलांच्या बाबतीत बोललं जाईल? ज्यांना परवडतं, ते व्हिडिओ आणि शिक्षक दोन्ही घेतील. ज्या वस्तीशाळेत आधीच एक शिक्षक चार वर्ग सांभाळतो, तिथे टीव्ही हा शिक्षकाची जागा न भरण्याचा बहाणा होईल. दुधाची तहान ताकावर भागवायची सवय गरिबांनाच लावली जाते.

मग टीव्ही विकून टाकायचा? मुळीच नाही. समुद्र न पाहिलेल्या पोराला लाटा दाखवायला, धडधडणारं हृदय, ज्वालामुखी, कळीचं उमलणं दाखवायला व्हिडिओसारखं साधन नाही. मी अजूनही व्हिडिओ लावतो. फक्त क्रम उलटा केलाय. आधी वस्तू हातात, मग चुका, मग भांडण, आणि शेवटी दोन मिनिटांचा तुकडा. तोही आवाज बंद करून. पोरांना सांगतो, आता तुम्ही सांगा काय चाललंय. मग मराठीत, आपापल्या बोलीत कॉमेंट्री सुरू होते. कोण चुकतं, कोण त्याला अडवतं, मी पॉज करतो, मागे नेतो, पुन्हा वाद. दोन मिनिटांचा तुकडा अख्खा तास खातो. खाऊ दे.

अरविंद गुप्ता यांचे टाकाऊतून खेळणी बनवायचे छोटे व्हिडिओ बघा. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी कितीतरी खेळणी बनवली, पोरांच्या हातात दिली आणि ती बनवायची कशी हे नेटवर सगळ्यांना फुकट दाखवलं. त्यातला एखादा बघताना हात शिवशिवतात, व्हिडिओ थांबवून स्ट्रॉ आणि कात्री शोधावीशी वाटते. माझ्या लेखी चांगल्या व्हिडिओची हीच परीक्षा आहे: तो बघताना मध्येच बंद करावासा वाटतो का?

तुम्ही शाळेत असाल, कॉलेजात असाल, किंवा उद्या बीएड करून फळ्यासमोर उभे राहणार असाल, तर एवढंच करा. "समजलं का?" हा प्रश्न विचारू नका आणि कुणी विचारला तर लगेच "हो सर" म्हणू नका. एक सेल, एक बल्ब आणि तार मागा.