एआय पैसे देत नाही, गिऱ्हाईक देतं



"सर, मी सेकंड इयरला आहे. एआय वापरून महिन्याला चार-पाच हजार सुटतील असं काहीतरी सांगा ना." हा प्रश्न हल्ली सारखा येतो. विचारणाऱ्याची गरज खरी असते. मेसचं बिल, रूमचं भाडं, परीक्षेची फी, आणि दर वेळी घरी मागायला जिवावर येतं. त्यामुळे उत्तरही खरं द्यायला हवं.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. तेव्हा ते वापरता येणं हेच एक कौशल्य होतं. आज शेजारच्या शाळकरी पोरालाही ते येतं. जे सगळ्यांना येतं त्याचे पैसे कोण देणार? पैसे मिळतात ते कोणाचं तरी अडलेलं काम पूर्ण करून त्याच्या हातात ठेवल्यावर. आणि अशी कामं तुमच्या कॉलेजच्या गेटपासून एसटी स्टँडपर्यंत पडलेली आहेत. फायव्हर, अपवर्क नंतर बघा. तिथे तुमच्यासमोर अख्खं जग उभं आहे. इथे गल्लीत तुम्ही एकटेच आहात.

एक उदाहरण नीट घेऊया. घरगुती दिवाळी फराळ विकणाऱ्या काकू. माल एक नंबर. पण भावाची यादी वहीच्या पानावर, त्याचा तिरका फोटो व्हॉट्सअॅपवर. त्यांना काय हवंय? स्वच्छ रेट कार्ड, स्टेटसला टाकायला चार-पाच पोस्टर, आणि व्हॉट्सअॅप बिझनेसवर नीट भरलेला कॅटलॉग. टूल्स हाताशी असतील तर हे एका संध्याकाळचं काम आहे.

आता गंमत बघा. एआयला "चकलीची जाहिरात लिही" म्हटलं की ते "कुरकुरीत आनंदाचा अविस्मरणीय अनुभव" वगैरे लिहून देतं. आपल्याकडे असं कोण बोलतं? "भाजणीची चकली, कालच तळलेली, अर्धा किलोपासून" असं लिहा, लगेच फोन येतो. चित्र बनवायला सांगितलं तर चकलीची जिलबी होते आणि त्यावरची जोडाक्षरं मोडतात. म्हणून फोटो खऱ्या चकलीचाच काढा, खिडकीजवळ, दिवसाउजेडी. मजकूर कॅनव्हात स्वतः टाइप करा. मुक्ता, बालू हे फॉन्ट मुंबईच्या एक टाइपने केलेले आहेत, फुकट मिळतात आणि मराठी त्यात सुंदर दिसतं.

पण खरी जबाबदारी पुढे आहे. एआय स्वतःच्या मनाने गोष्टी घुसडतं. "शुगर फ्री", "मधुमेहींसाठी उत्तम", "शंभर टक्के शुद्ध तूप". काकूंनी यातलं काही सांगितलेलं नसतं. तुम्ही न वाचता पोस्टर पाठवलं आणि एखाद्या डायबिटीसवाल्या आजोबांनी त्यावर विश्वास ठेवून लाडू खाल्ले, तर? नाव काकूंचं जाणार. ४८० च्या जागी ४०० छापलं, तर किलोमागे ८० रुपये काकूंच्या खिशातून. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर त्यांच्या कागदावरूनच घ्या आणि एकेक आकडा बोट ठेवून तपासा. माझ्या मते पैसे या तपासणीचे आहेत. पोस्टर तर काकूंचा भाचाही बनवेल.

मग पैसे किती मागायचे? इथे पोरं एकतर लाजतात, नाहीतर भलतंच काहीतरी बोलून बसतात. गिऱ्हाइकाच्या बाजूने हिशेब करा. समजा काकूंना किलोमागे १२० रुपये सुटतात. तुम्ही १,५०० मागितले, तर तेवढे फिटायला साडेबारा किलो माल जास्तीचा विकला गेला पाहिजे. पहिल्याच वेळी एवढी खात्री त्यांना कशी वाटेल? ६०० सांगा. पाच किलोत फिटले. "काकू, एक पोस्टर करून दाखवते, आवडलं तर बाकीचं ठरवू" असं म्हणा. एक नमुना फुकट चालेल, पाच नाही. काम पटलं की पुढच्या वर्षी हजार सांगायला तोंड उघडतं.

फराळ हे सीझनचं काम झालं. दर महिन्याला पैसे हवे असतील तर सलून, मेस, क्लासेस, गॅरेज यांच्याकडे जा. गूगल मॅपवर यांच्या वेळा चुकीच्या असतात, फोटो जुने असतात, ग्राहकांच्या रिव्ह्यूला कोणी उत्तर दिलेलं नसतं. बिझनेस प्रोफाइल फुकट असतं, फक्त बघणारं कोणी नसतं. महिन्याला ५०० रुपयांत तुम्ही बघा. उत्तराचा कच्चा मसुदा एआयकडून घ्या, पण रागावलेल्या गिऱ्हाइकाला काय लिहायचं ते मालकाला विचारूनच. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. प्रोफाइल मालकाच्याच जीमेलवर असलं पाहिजे, तुमच्या नाही. त्यांच्या ग्राहकांचे मोबाइल नंबर कुठल्याही एआय टूलमध्ये पेस्ट करू नका. दुकानदाराने विश्वासाने दिलेली वही आहे ती.

व्हिडिओला मराठी सबटायटल देणं हेही बरं काम आहे, फक्त "ळ" आणि "ल" कानाने तपासायची चिकाटी हवी.

आता नको त्या वाटा. चेहरा न दाखवता एआयने रोज दहा व्हिडिओ टाका आणि झोपेत कमवा, असं सांगणारे खूप आहेत. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. एकाच साच्यातून काढलेल्या व्हिडिओंना पैसे नाहीत, हे यूट्यूबच्या धोरणातच आहे. मेसचं बिल तोवर थांबत नाही. दुसऱ्यांच्या असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट एआयने लिहून विकणं मला अजिबात पटत नाही. पकडलं गेलं तर दोघांचंही वर्ष जाऊ शकतं, आणि हे काम पुढे कोणाला अभिमानाने दाखवताही येत नाही. "एआय डेटा टास्क करा, आधी रजिस्ट्रेशन फी भरा" असा टेलिग्रामवर मेसेज आला तर ती फसवणूकच समजा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. महागड्या कोर्सचंही तेच. मी स्वतः ट्रेनिंग विकतो, तरी सांगतो, पहिली दोन गिऱ्हाइकं मिळेपर्यंत कोणाचाच कोर्स घेऊ नका. माझाही नाही. टूल्सची फुकट आवृत्ती तोवर पुरते.

"आमचा पुतण्या फुकट करून देतो" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेलच. वाद घालू नका. "ठीक आहे काका, त्याला जमलं नाही तर मला सांगा" म्हणून नंबर देऊन या. पुतण्याला वेळ नसतो, हे काकांनाही माहीत असतं.

परीक्षेच्या आधी पंधरा दिवस नवीन काम घेऊ नका. असलेल्यांना आधीच सांगा, "काका, २० तारखेपर्यंत पेपर आहेत." यावर कोणी चिडत नाही. न सांगता फोन बंद ठेवलात की चिडतात.

आणि फराळाच्या ऑर्डरी दसऱ्यानंतर जोर धरतात. काकूंकडे त्याच्या आधी जा. नंतर त्यांच्या हाताला पीठ लागलेलं असतं, तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.