जनरेटर बंद केल्यावाचून कोणीही पाण्यात उतरू नये, कोणीही निजू नये : मंडळाचे जाहीर आवाहन



अमेरिकेतील लेक पॉवेल या जलाशयावरील यंदाच्या जुलैच्या सहलीत जो प्रकार घडला तो, कोणाचा प्राण गेला नाही एवढ्याच आधारावर, 'झाले गेले विसरून जा' या सदरात जमा करावा, अशी सूचना काही जबाबदार म्हणवणाऱ्या मंडळींकडून आल्यामुळे कार्यकारिणीस हे आवाहन प्रसिद्ध करणे भाग पडले आहे. भागीदारीतल्या एका जुन्या हाउसबोटीवर, रात्रभर एसी चालावा म्हणून, जनरेटर अखंड सुरू ठेवला होता. मध्यरात्रीनंतर निजण्याच्या खोलीतील कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजू लागला. आणि माणसे बाहेर काढण्याऐवजी, पोरांची झोपमोड होते या सबबीवर, तो अलार्म भिंतीवरून उपटून, दोन टॉवेलांत गुंडाळून, चकल्यांच्या रिकाम्या डब्यात घालून वर झाकण दाबण्यात आले. पहाटे मुले डोके धरून ओकू लागली, तेव्हाही 'ऊन लागले' असे निदान करून त्यांना लिंबाचे सरबत पाजण्यात आले. एका भगिनीने कोणाचेही न ऐकता जनरेटर बंद करवला व झाडून सगळ्यांना वरच्या डेकवर आणले, म्हणून शोकसभेची पत्रके छापण्याची वेळ मंडळावर आली नाही. त्या भगिनीला 'उगाच घाबरट' म्हणणारे महाभाग आजही आपल्यातच आहेत.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचे सख्य प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असल्यामुळे, श्वास सुरळीत चालला असतानाही मेंदू व हृदय उपाशी राहतात. आणि मेंदूच प्रथम मंदावत असल्याने आपण संकटात आहोत हे ओळखण्याची बुद्धीच आधी नाहीशी होते. डोकेदुखी, मळमळ, भोवळ ही त्याची लक्षणे नेमकी ऊन, बोट लागणे आणि आदल्या रात्रीचे मद्यपान यांच्यासारखीच असल्यामुळे, सहलीला गेलेला मनुष्य खऱ्या कारणाखेरीज बाकी सर्व कारणांचा विचार करतो.

ऑगस्ट 2000 मध्ये याच लेक पॉवेलवर आठ व अकरा वर्षांचे दोन सख्खे भाऊ हाउसबोटीच्या मागच्या बाजूला पोहत असताना मरण पावले. बोटीचे इंजिन बंद होते. चालू होता तो जनरेटर, आणि त्याचा धूर पोहण्याच्या फळीखालच्या पोकळीत सोडलेला होता. त्यानंतर अमेरिकन सरकारच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने तशा पोकळ्यांत मोजणी केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 30,000 पर्यंत भाग आढळले. जीवितास तात्काळ धोका मानण्याची मर्यादा अवघी 1,200 आहे. अशा जागी मनुष्य काही श्वासांतच शुद्ध हरपून पाण्याखाली जातो, आणि काठावरच्यांना वाटते की पोर बुडी मारून गंमत करते आहे. 1990 ते 2000 या काळात या एका जलाशयावर बोटींमुळे या वायूची बाधा झालेली 111 माणसे दप्तरी नोंदली गेली; त्यांपैकी 74 हाउसबोटींवरची होती, आणि त्या 74 पैकी 64 जणांच्या बाधेस केवळ जनरेटरचा धूर कारण होता. ही संख्या नुसत्या नोंदलेल्यांची आहे. सरबत पाजून घरी नेलेल्यांची गणती कोण करणार?

यावर 'बोट तर चारी बाजूंनी उघडी असते' असे सांगणाऱ्यांनी लेक पॉवेलच्या अरुंद उपदऱ्या पाहिलेल्या दिसत नाहीत. दोन्ही बाजूंस तांबड्या खडकाच्या उभ्या भिंती, मध्ये निश्चल पाणी, पान हलेल इतकाही वारा नाही, आणि त्यात गप्पांच्या सोयीसाठी तीन-चार बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या; अशा ठिकाणी आपला जनरेटर बंद असला तरी शेजारच्याचा धूर आपल्या खिडकीत येतो. 'इतकी वर्षे गेलो, काही झाले नाही' या युक्तिवादाला उत्तर देण्यात कार्यकारिणी वेळ दवडू इच्छित नाही. 'जनरेटर बाहेर ठेवला होता' हे समर्थनही फोल आहे. केरळात वडकरा येथे डिसेंबर 2024 मध्ये रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघेजण मृत आढळले, तेव्हा कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी जनरेटरचा वायू तळाच्या भोकातून आत शिरल्याचे प्रयोगाने दाखवले.

एक गोष्ट मात्र विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. करोनाच्या काळापासून आपल्या प्रत्येक घरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, आणि त्या पहाटेही एका सुशिक्षित गृहस्थांनी तो मुलांच्या बोटांना लावून, 'सत्त्याण्णव आहे, अठ्ठ्याण्णव आहे' असे मोठ्याने वाचून सर्वांस निर्धास्त केले. हे साधन प्राणवायूने भरलेले रक्त आणि या विषाने भरलेले रक्त यांतला भेद ओळखू शकत नाही. मनुष्य मरणाच्या दारी असला तरी ते अठ्ठ्याण्णव दाखवील. खरी परीक्षा इस्पितळातील रक्ततपासणीची, आणि तीही 'बोटीवर जनरेटर चालू होता' असे आपण होऊन डॉक्टरांस सांगितले तरच वेळेवर होण्याचा संभव. मोकळ्या हवेत आणल्यावरही रक्तातील हा वायू निम्म्यावर येण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तोच अवधी सुमारे तासा-दीड तासावर येतो. म्हणून 'आता बरे वाटते आहे' यावर विसंबून राहू नये.

येत्या लेबर डेच्या सुटीतील सहलीस जाणाऱ्यांनी पुढील तजवीज बिनचूक करावी. बोट ताब्यात घेतानाच जनरेटरचा धूर कोठून बाहेर पडतो हे मालकाकडून प्रत्यक्ष बोट ठेवून दाखवून घ्यावे. तो मागच्या फळीखाली सुटत असेल तर ती बोट घेऊच नये. वरच्या डेकच्याही पुष्कळ वर नेलेले उभे धुराडे, अथवा कॅटॅलिस्ट बसवलेला कमी विषारी धुराचा जनरेटर, यांपैकी एक तरी असावे. दोन्ही उपाय वीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहेत, तेव्हा 'मिळत नाही' ही सबब नको. असे धुराडे असले तरीही, पोहणे सुरू होण्यापूर्वी अर्धा तास जनरेटर बंद, आणि शेवटचे मूल वर येऊन डोकी मोजून होईपर्यंत बंदच. निजताना बंद. उकडले तर वरच्या डेकवर निजावे. आपले वाडवडील अंगणात निजत होते. फळीखाली कोणीही जाऊ नये, चेंडू गेला तरी जाऊ नये. चालत्या बोटीच्या मागच्या फळीला धरून ओढत जाण्याचा खेळ कॅलिफोर्नियात कायद्याने बंद आहे, मंडळाच्या सहलीत तो मंडळाच्या हुकुमाने बंद समजावा. दोन बोटींत निदान 20 फुटांचे अंतर. हाती उचलून नेण्याचा जनरेटर बोटीवर आणूच नये. प्रत्येक खोलीत अलार्म, त्यावरची मुदत तपासलेली. तो वाजला की प्रथम माणसे बाहेर, मग जनरेटर बंद, मग 911 अथवा रेडिओच्या 16 क्रमांकाच्या चॅनेलवर मदतीची हाक. बॅटरी काढून 'पुन्हा वाजतो का बघू' हा क्रम नव्हे.

ज्या मंडळाने गणेशोत्सवातील महाप्रसादाच्या स्वयंपाकघरात अग्निशामक नळकांडे नसेल तर चूल पेटवू दिली नाही, आणि त्याबद्दल आचाऱ्यांचे रुसवे सोसले, त्या मंडळाच्या सभासदांना अलार्म डब्यात कोंडणे शोभत नाही. असला हलगर्जीपणा अडाण्यांकडून नव्हे तर इंजिनिअर आणि डॉक्टर म्हणवणाऱ्यांकडून झाला, हे विशेष लाजिरवाणे आहे.

प्रत्येक बोटीमागे एक जबाबदार व्यक्ती नेमून तिच्या सहीचा, वरील नियम पाळण्याच्या हमीचा कागद ऑगस्टच्या 20 तारखेपूर्वी चिटणिसांकडे पोहोचला पाहिजे. अलार्म चालू असल्याची पडताळणी आमचे स्वयंसेवक धक्क्यावरच, बोट सुटण्यापूर्वी, करतील. ज्यांचा कागद येणार नाही त्यांचे नाव यादीतून कमी होईल, भरलेली रक्कम परत मिळेल, आणि त्याविषयीची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

कार्यकारिणीच्या वतीने,
चिटणीस