शब्दविचार : ‘सॅकराइन’ म्हणजे मधुर नव्हे

इंग्रजी ग्रंथांचीं व चित्रपटांचीं परीक्षणें हल्लीं घरोघरीं वाचलीं जातात. त्यांत एखाद्या कथेस ‘सॅकराइन’ हें विशेषण लाविलेलें वारंवार आढळतें. कोशांत ‘शर्करेचें, शर्करेसारखें’ हा पहिला अर्थ पाहून मुलें तेथेंच थांबतात, आणि ही स्तुति होय असें समजतात. एखाद्या मुलीनें परदेशस्थ अध्यापिकेस आभाराचें पत्र लिहितांना ‘आपले सॅकराइन शब्द’ असें लिहिलें, तर तिचा आदर त्या बाईंस कुचेष्टा वाटेल. म्हणून या शब्दाचें कूळ व आजचा अर्थ येथें सांगतों.

शब्दाचें मूळ आपल्याच घरचें आहे. संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे आरंभीं साखर नव्हे, तर बारीक खडे, रेती. आयुर्वेदांतही मूतखड्याच्या बारीक कणांस ‘शर्करा’ असेंच म्हटलें आहे. पुढें उसाचा रस आटवून त्याचे जे रवाळ दाणे पाडले, त्यांसही हेंच नांव मिळालें. पालींत त्याचें ‘सक्खरा’ झालें, मराठींत ‘साखर’. ग्रीकांनीं हा शब्द ‘साक्खरॉन’ असा उचलला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस सांगतो कीं, हिंदुस्थान व अरबस्थान येथील वेतांत एक प्रकारचा घट्ट झालेला मध मिळतो. तो मिठासारखा असून दांतांखालीं फुटतो. म्हणजे शब्दाबरोबर त्यांतील खडाही परदेशीं पोहोंचला होता!

ग्रीकमधून तो लॅटिनमध्यें गेला, आणि त्यावरून १७ व्या शतकांत इंग्रजी विशेषण झालें. दुसऱ्या वाटेनें तोच शब्द फारसी, अरबी व फ्रेंच या भाषांतून जाऊन ‘शुगर’ झाला. भावंडांपैकीं एक स्वयंपाकघरांत रमलें, दुसरें पंडितांकडे गेलें.

प्रथम ‘सॅकराइन’ शब्दांत निंदा नव्हती. शर्करायुक्त एवढाच अर्थ. १९ व्या शतकांत लक्षणेनें ‘अति गोड, म्हणून नकोसें’ हा अर्थ आला, व आज तोच रूढ आहे. १८७९ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत, दगडी कोळशाच्या डांबरांतील द्रव्यांवर प्रयोग करीत असतां कॉन्स्टन्टाइन फालबर्ग यांस एक कृत्रिम गोड पदार्थ सांपडला. त्याचें नांव ‘सॅकरिन’. या नामाच्या शेवटीं ‘ई’ अक्षर नाहीं, विशेषणाच्या शेवटीं आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. हा पदार्थ साखरेच्या सुमारें ३०० पट गोड. पण त्यांत पोषण नाहीं, आणि मागाहून जिभेवर कडसर चव राहते. विशेषणाच्या आजच्या अर्थास याहून चांगला दृष्टान्त कोणता मिळणार?

मराठींत या विशेषणास ‘गुळचट’ हा प्रतिशब्द आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो. ‘साखरपेरणी’ शब्दांत हेतु असतो, ‘साखरेची सुरी’ म्हटल्यास घातही येतो. ‘गुळचट’ शब्दांत केवळ गोडीचा अतिरेक आहे.

हा भेद कोशापेक्षां घरांतच लवकर कळतो. जेथें दहा माणसांस रोज एका पंगतीस बसावयाचें, तेथें गोड बोलावेंच लागतें. परंतु मुलाचा निबंध सुमार असतां तो उत्तम म्हणणें हें सॅकराइन. पाठीवर हात ठेवून त्यांतील चूक दाखविणें हें मधुर. संक्रांतीस आपण तिळगूळ देऊन गोड बोलावयास सांगतों, त्या गुळांतही दांतांखालीं येणारा तीळ असतोच. शर्करेच्या मूळ अर्थांतील खडा आम्हांस तेथें दिसतो.

तेव्हां इंग्रजींत कोणाच्या बोलण्याची खरी गोडी सांगावयाची असल्यास ‘स्वीट’ लिहावें. ‘सॅकराइन’ शब्द दोष दाखवावयाचा असेल तेव्हांच काढावा.