पडद्याआडचा मालक

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून नव्या सदनिकांची कुलुपे उघडू लागली की पाठोपाठ पडद्यांची दुकाने गजबजतात. मापाप्रमाणे पडदे, पलंगपोस, गाद्यांच्या खोळी व अभ्रे शिवून देण्याची हमी बहुतेक दुकानांच्या पाटीवरच असते. दुकानाचा माणूस घरी येऊन खिडक्या मोजून जातो, गिऱ्हाईक कापड पसंत करते आणि आठ-दहा दिवसांत चुण्या घातलेले, अस्तर लावलेले पडदे दांडीवर चढतात. बिलात कापडाची किंमत वेगळी आणि शिलाई वेगळी मांडलेली असते. ती शिलाई कोणी केली, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पुष्कळ दुकानांत शिवणयंत्रच नसते. कापड मध्यस्थामार्फत वस्तीत गेलेले असते आणि तेथे दहा बाय दहाच्या खोलीत एखादी बाई नगामागे ठरलेल्या मजुरीवर ते शिवत असते.

हे काम दिसते तेवढे सरळ नाही. सात फुटी दाराच्या पडद्याला खालची-वरची दुमड धरून जवळजवळ आठ फूट लांबीचे कापड लागते. चुणी भरघोस पडावी म्हणून रुंदी दाराच्या दुपटीने घ्यावी लागते. दोन पाट जोडताना फुलावर फूल यावे लागते, आणि एक पाट दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच खाली उतरला तरी ते डोळ्यांत भरते. एवढे कापड पसरायला तिच्या घरात जमीन मोकळी असते ती मुले शाळेत आणि नवरा कामावर असतानाच. म्हणून मोजणी-कापणी दुपारी उरकायची आणि यंत्र चालवायचे ते रात्री. यंत्र तिचे, हप्त्याने घेतलेले. दोरा, सुया, तेल, वीज, दुरुस्ती ही सारी तिचीच. कारखानदाराला शेडचे भाडे आणि दिव्याचे बिल भरावे लागते. येथे तो खर्च एका गरीब संसाराच्या खर्चात मिसळून दिसेनासा होतो. माल नापास झाला तर उसवून पुन्हा शिवायचा, आणि त्या दुसऱ्या शिलाईची मजुरी नाही.

तिच्या स्वतःच्या खिडकीला मात्र पडदा नाही, अशी हळहळ व्यक्त करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडून द्यावी. प्रश्न तिच्या पडद्याचा नसून तिच्या दराचा आहे.

या बाईला कामगार न मानण्याचे मूळ जुने आहे. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आई कौतुकाचा विषय झाली, श्रमाचा कधी झाली नाही. घरात बसून केलेली शिवण म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, हे गृहीत व्यापाऱ्याने तसेच उचलले आणि दरात उतरवले. खेदाची गोष्ट ही की कामगार चळवळीनेही ते फारसे तपासले नाही. चळवळीला दरवाजासभा घेण्याची सवय होती. जेथे दरवाजा नाही, भोंगा नाही, तेथे कामगारही नसावा असे तिने जवळजवळ धरून चालले.

अहमदाबादचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ या संघटनेची कामगार संघटना म्हणून नोंदणी मागितली, तेव्हा या स्त्रियांना मालकच नाही, मग संघटना भांडणार कोणाशी, असा आक्षेप घेण्यात आला होता. त्याच शहराच्या दरियापूर भागात मुसलमान स्त्रिया गिरण्यांतून निघालेल्या चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवत. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘सेवा’मार्फत दरवाढ मागितली, तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणेच बंद केले. मालक नाही म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे? ज्याला काम बंद करता येते तो मालक नव्हे तर कोण? पुढे त्या स्त्रियांनी स्वतःच चिंध्या घेऊन खोळी शिवल्या व विकल्या आणि त्यातून ‘सबीना’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली.

न्यायालये या बाबतीत चळवळीच्या पुढे होती, असे म्हणावे लागते. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात, नगावर मजुरी घेणारे आणि आपल्या सोयीने येणारे-जाणारे शिंपीही दुकानाचे नोकर ठरतात, असा निर्णय दिला. माल नापास करण्याचा व पुन्हा शिवून मागण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचेच कामावर नियंत्रण, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. १९८५ साली पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात हीच कसोटी घरी बसून विड्या वळणाऱ्यांना लागली आणि ते भविष्यनिर्वाह निधीचे हक्कदार ठरले. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा आधीच होता, आणि त्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले होते. विडीला जो न्याय मिळाला तो उशीच्या अभ्र्याला का मिळू नये?

अडचण यंत्राची आहे. १९७३ च्या खटल्यात यंत्रे दुकानाची होती आणि न्यायालयाने त्या गोष्टीला महत्त्व दिले होते. पडदे शिवणारीचे यंत्र तिचे स्वतःचे असते. उत्पादनाचे साधन हाती आले की शोषण संपते, असे आपण शिकत आलो. येथे तर तेच साधन तिला कामगार ठरण्याच्या आड येते!

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ च्या १७७ क्रमांकाच्या करारात ही गाठ सोडवली. साधने व कच्चा माल कोणाचा, याचा विचार न करता घरी काम करणारा तो कामगार, अशी व्याख्या करून इतर कामगारांशी समान वागणुकीचे तत्त्व त्यात घातले. भारताने या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. गंमत अशी की व्याख्या मात्र घेतली. असंघटित कामगारांच्या २००८ च्या कायद्यात आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती जवळजवळ त्याच शब्दांत आहे. परंतु ती योजनांपुरती. किमान वेतन ज्या वेतन संहितेत आहे, तिच्यात या बाईचा नामोल्लेख नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या. ई-श्रमच्या नोंदीत ती लाभार्थी असेल, पण दर मागायला उभी राहिली की तिला मालक नाही.

दर वाढला तर दुकानदार बाहेरून तयार पडदे आणील, ही भीती घातली जाते. ती पानिपतच्या तयार चादरीपुरती खरी असेल. मापाच्या पडद्याचे तसे नाही. खिडकी येथली, माप येथले, दांडीवर चढवून चुकले तर दुरुस्तीही येथलीच. गिरण्या शहराबाहेर जाऊ शकल्या. हे काम जाऊ शकत नाही. त्यातही दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस दुकानदार या बायकांवर सर्वस्वी अवलंबून असतो. वस्तीतील दहा यंत्रे दोन दिवस थांबली तर त्याला दुसरीकडून माल मिळत नाही. हे त्याला पक्के ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो कधी एका घरी सगळे काम देत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी वस्तीत जाताना मागण्यांचे छापील पत्रक घेऊन जाण्याआधी साध्या वह्या घेऊन जाव्यात. कोणत्या दुकानाचे काम, कोणामार्फत आले, तारीख, नग, लांबी, ठरलेला दर, हातात पडलेले पैसे, आणि नापास झालेला माल कोणी नापास केला त्याचे नाव. विडी कामगारांच्या लढ्यात अशा नोंदवहीचे मोल कळले होते. शेवटच्या रकान्यात जे नाव वारंवार येईल, त्याच्याकडे दर मागायला जायचे आहे.