इंग्रजीच्या तासाला घरची भाषा

बंगळूरचे व्हाइटफील्ड ही मुळात अँग्लो-इंडियन कुटुंबांची वसाहत. म्हैसूरच्या चामराज वडियार महाराजांनी १८८२ साली दिलेल्या जमिनीवर ती वसली आणि तिथल्या घरांत चुलीपाशीही इंग्रजीच बोलली जाई. आज तिथल्या आयटी कंपन्यांचे सारे काम इंग्रजीत चालते. पण त्या इमारती बांधणाऱ्यांच्या, तिथे पहारा देणाऱ्यांच्या मुलांना इंग्रजी भेटते ती फक्त शाळेत. आपली मुले इंग्रजीत मागे पडू नयेत, ही या पालकांची मागणी रास्तच आहे. चुकीची आहे ती समजूत, की इंग्रजीच्या तासाला दुसऱ्या भाषेचा शब्दही कानावर पडता कामा नये.

ही समजूत मुलांच्या निरीक्षणातून आलेली नाही. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे येथे इंग्रजी अध्यापनावर भरलेल्या परिषदेतून तिला प्रतिष्ठा मिळाली आणि भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली तिला सरळ भ्रम म्हटले. परक्या भाषेतले वाक्य मनात रुजते ते अर्थ कळल्यावर. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९पासून बंगळूर आणि मद्रासकडच्या शाळांत केलेला इंग्रजी शिकवण्याचा प्रयोगही याच विश्वासावर उभा होता, की लक्ष अर्थावर असले की व्याकरण आपोआप मुरत जाते. मग अर्थापर्यंत नेणारी सर्वांत जवळची वाट बंद का करायची? आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो, कन्नड मूल ‘ननगे हसिवागिदे’ म्हणते. दोन्हीकडे भूक ‘मला’ लागते. इंग्रजीत मात्र भुकेला माणूस ‘आय’ होऊन कर्त्याच्या जागी बसतो. हा फरक घरच्या भाषेत एका वाक्यात सांगता येतो. इंग्रजीतून सांगायला गेले, तर समजावण्याची भाषाच मुलाला परकी असते.

शिक्षक मग सगळा तास भाषांतरच करत बसतील, ही भीती खरी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या पिढ्या इंग्रजी वाचायला शिकल्या, हे ऋण मोठे आहे. पण निव्वळ भाषांतराने बोलणे येत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून घरची भाषा अडलेल्या जागी, थोडक्यात यावी आणि लगेच मुलांनी तीच गोष्ट इंग्रजीत बोलावी. त्याहून अवघड प्रश्न व्हाइटफील्डसारख्या ठिकाणचा. एकाच वर्गात कन्नड, तेलुगू, तमिळ, ओडिया, क्वचित मराठीही. शिक्षकाने किती भाषा शिकाव्यात? सगळ्या येण्याची गरज नाही. एका भाषेची दोन मुले शेजारी बसवून आधी आपसांत अर्थ लावू द्यावा, मग उत्तर इंग्रजीत मागावे. ज्याला वर्गात भाषेचा जोडीदारच नाही, त्याच्यासाठी चित्रे, हावभाव आणि अधिक वेळ द्यावा लागेल. तिथे ही युक्ती अपुरी पडते, हे मान्य करायला हवे. पण एका मुलाची अडचण सोडवायची म्हणून उरलेल्या सगळ्यांची तोंडे बंद करणे हा न्याय नव्हे. पालकसभेत शिक्षकांनी हे मोकळेपणाने सांगावे: वर्गातून कन्नड ऐकू आली म्हणून घाबरू नका, तुमच्या मुलाने आज स्वतःहून किती वाक्ये इंग्रजीत जुळवली, ते आम्हाला विचारा.