जुन्या खेळांच्या चित्रांची ओढाताण

जुन्या व्हिडिओ गेमांचा जीर्णोद्धार करण्याचा जो उद्योग सांप्रत चालू आहे, त्याविषयी आम्हांस आदरच वाटतो. मिस्टरसारख्या साधनात मूळ यंत्राच्या विद्युत्-रचनेची प्रतिकृती एका चिपमध्ये उभी केली जाते, आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे खेळ पुन्हा चालते होतात. परंतु एवढ्या परिश्रमाने जिवंत केलेल्या खेळाचे चित्र पडद्यावर कोणत्या आकारात मांडावे, या साध्या प्रश्नाबाबत जी अनास्था दिसते, तिचा निषेध केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

त्या काळच्या पिक्चर ट्यूबच्या पडद्याची रुंदी व उंची ४:३ या प्रमाणात असे. आजचा पडदा १६:९ चा. जुने चित्र त्यावर काठोकाठ ताणले की प्रत्येक आकृती एक-तृतीयांशाने अधिक रुंद होते. वर्तुळाचे अंडे होते. ‘पडद्याचे पैसे मोजले, मग कडेच्या काळ्या पट्ट्या का सोसाव्या?’ असा सवाल यावर येतो. भिंत मोठी आहे म्हणून तीवरील वडिलांची तसबीर हे गृहस्थ ताणून घेतील काय, एवढेच आमचे विचारणे आहे.

दुसरा पक्ष शुद्धिवाद्यांचा. प्रत्येक ठिपका चौरसच दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ या नाणे टाकून खेळावयाच्या खेळात आडवे ३८४ व उभे २२४ ठिपके आहेत. ते चौरस धरले तर चित्र १२:७ चे होते, आणि त्यातील मल्ल मूळच्यापेक्षा सव्वापटीहून अधिक रुंद दिसतात. उलट १९९० च्या सुपर फॅमिकॉमवरील बहुतेक खेळांत आडवे ठिपके २५६ च; तेथे तोच नियम लावला तर पात्रे सुमारे सातव्या हिश्श्याने रोडावतात. जो नियम एकास फुगवितो व दुसऱ्यास सुकवितो, त्यास शुद्धतेचा नियम कसे म्हणावे? ठिपक्यांची संख्या यंत्राच्या सोयीने ठरत असे; चित्राचा आकार काच ठरवीत असे. काही चित्रकारांनी या फरकाचा हिशेब ठेवला नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण त्यांची चित्रेही लोकांपुढे आली ती त्याच काचेवरून.

ठिपके लहानमोठे दिसतील, ही भीतीही अवास्तव होय. १०८० ओळींच्या पडद्यावर २२४ ओळी बरोबर चौपट केल्या तर ८९६ भरतात. रुंदी सुमारे ११९५ ठेवली की ४:३ चे प्रमाण साधते. आडव्या दिशेची उरलेली किंचित विषमता हलक्या फिल्टरने सौम्य होते.

पिक्चर ट्यूब कधी न पाहिलेली पिढी आता हे खेळ प्रथमच पाहत आहे. तिला जे दाखवावे तेच ती मूळ समजणार. सबब यंत्रे विकणाऱ्यांनी त्या त्या खेळाच्या मूळ पडद्याचे प्रमाण हीच प्रारंभीची मांडणी ठेवावी, आणि वडीलधाऱ्यांनी मुलांच्या हाती खेळ देण्यापूर्वी दोन मिनिटे खर्चून ती तपासावी. काळ्या पट्ट्यांनी कोणाचे काही बिघडत नाही.