सहल मोठ्यांची, फरफट लहानग्यांची

दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच पुढील उन्हाळ्याच्या परदेश सहलींच्या जाहिराती वृत्तपत्रांतून झळकू लागतात. बारा दिवसांत सात देश! पुण्यातील वा डोंबिवलीतील एखाद्या सुशिक्षित घरात मग जेवणाच्या टेबलावर रंगीत माहितीपत्रके पसरली जातात. आई-वडील देश मोजतात, रजा मोजतात, कर्जाचे हप्ते मोजतात. आजोबा एवढेच विचारतात, "अरे, पण छोटीची दुपारची झोप, तिचा वरणभात, याचं काय?" "बाबा, तिकडे सगळं मिळतं आता. आणि मुलांना होते सवय," असे उत्तर येते आणि विषय संपतो. जिच्यासाठी म्हणून हा सारा घाट घातला जातो, ती चार वर्षांची नात तेव्हा शेजारच्या खोलीत निर्धास्त झोपलेली असते.

परदेश पाहू नये, असे कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाही. समुद्रोल्लंघन निषिद्ध मानण्याचा काळ केव्हाच सरला. 1960 साली पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' प्रसिद्ध झाली आणि युरोप मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला. प्रश्न परदेशी जाण्याचा नाहीच. ज्या बालकाचे नाव पुढे करून या खर्चाचे समर्थन केले जाते, त्या बालकाला सहलीच्या आखणीत स्थान कोणते, हा खरा प्रश्न आहे. उत्तर कटू असले तरी स्पष्ट आहे. त्याचे स्थान सामानाच्या यादीत आहे.

घड्याळाचे गणित

मे महिन्यात स्वित्झर्लंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. मुंबईत रात्री नऊला झोपणाऱ्या मुलाला झुरिकमध्ये सायंकाळी साडेपाचलाच झोप अनावर होते आणि पहाटे तीनला ते टक्क जागे होते. त्यातच मेअखेरीस तेथे सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो. बाहेर लख्ख उजेड असताना 'आता रात्र झाली' हे त्याला कसे पटावे? शरीर साधारणपणे दिवसाला एक तास या गतीने नव्या वेळेशी जुळवून घेते. म्हणजे मूल सावरण्यास तीन-चार दिवस हवेत. बारा दिवसांत सात देशांच्या वेळापत्रकात तोवर तिसरे हॉटेल आलेले असते आणि पहाटे सहाला बॅगा खाली आणण्याचे फर्मान सुटलेले असते.

चालकाला विश्रांती, बालकाला काय?

युरोपीय संघाच्या 2006 सालच्या नियमानुसार बसचालकाने साडेचार तास गाडी चालविल्यावर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घेणे बंधनकारक आहे. चालक थकतो, हे कायद्याने ओळखले. त्याच बसमध्ये मागील आसनावर पेंगणारे, मध्येच उठवून 'बघ बघ, टॉवर बघ' म्हणून हलविले जाणारे मूलही थकते, हे मात्र त्याच्या जन्मदात्यांनी ओळखू नये? चालकामागे कायदा उभा आहे. बालकामागे आई-वडिलांखेरीज दुसरे कोण आहे?

युंगफ्राऊयोखचे उदाहरण घ्यावे. हे रेल्वेस्थानक समुद्रसपाटीपासून 3,454 मीटरवर आहे. आपले कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. समुद्रकाठच्या शहरात वाढलेल्या मुलाला काही तासांत त्या विरळ हवेत नेले जाते. मोठ्या माणसाला डोके दुखले, मळमळले तर तो सांगतो. लहान मूल केवळ किरकिर करते. आणि त्या किरकिरीला उत्तर काय मिळते? "एवढे पैसे भरून आणलं आणि ही रडतेय!" या एका वाक्यात साऱ्या व्यवहाराचे मर्म प्रकट होते. पैसे भरले आहेत, म्हणून आनंद झालाच पाहिजे, अशी ही वसुली आहे.

तीन लटके युक्तिवाद

पहिला युक्तिवाद सवलतीचा. दोन वर्षांखालील मुलाचे तिकीट स्वस्त असते. शेंगेन व्हिसासाठी प्रौढाला 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 45 युरो आणि सहा वर्षांखालील मुलाला शून्य शुल्क पडते. 'मग आत्ताच जाऊन येऊ!' परंतु स्वस्त तिकिटाच्या त्या मुलाला स्वतंत्र आसन नसते. सुमारे नऊ तास ते आईच्या मांडीवर असते. पाळणा मिळालाच तर तो ठरावीक आसनांपुढेच लागतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. वाचलेल्या पैशांची किंमत कोणाच्या तरी हाडामासाने चुकवावी लागते, आणि बहुधा ती आईच्या.

दुसरा युक्तिवाद ज्ञानाचा. 'लहानपणीच जग दाखवावे.' तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचे प्रसंग बहुतेकांना मोठेपणी आठवत नाहीत, ही मानसशास्त्राने मान्य केलेली गोष्ट आहे. या वयात मनात काहीच रुजत नाही असे नव्हे. रुजतो तो सहवास. आई-बाबा घाईत नव्हते, हाक मारताच थांबत होते, हा विश्वास रुजतो. तो आयफेल मनोऱ्याखाली रुजू शकतो, तसा गुहागरच्या वाळूतही रुजतो. मात्र रांगेत ओढल्या जाणाऱ्या हाताला तो कोठेच लाभत नाही.

तिसरा युक्तिवाद सहसा उच्चारला जात नाही, पण तोच सर्वांत प्रबळ असतो. 'सगळे जातात.' 1857 साली वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून. त्यांचा 'माझा प्रवास' अभिमानाने वाचणारा समाज आज प्रवासासाठीच कर्ज काढतो आणि परतल्यावर वर्षभर हप्ते फेडतो. हप्त्यांसाठी जादा काम करणारे वडील मग रात्री उशिरा घरी येतात. बारा दिवसांच्या सहवासाची किंमत बारा महिन्यांच्या सहवासाने मोजणे हा कसला हिशेब?

विवेकाची आखणी

लांबचा प्रवास मुळातच मुलांना झेपत नाही, असेही नाही. न्यूजर्सीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे तान्ह्या मुलांना घेऊन पंधरा-सोळा तासांचा विमानप्रवास करून मुंबईला येतातच. घड्याळात साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक पडतो, मुले चार-पाच रात्री जागवितात. पण ती एका घरी येतात, तीन आठवडे राहतात, आजीच्या हातचे जेवतात आणि मुलाला झोप येईल तेव्हा झोपू देतात. त्या प्रवासाच्या केंद्रस्थानी माणसे असतात, स्थळांची यादी नसते. म्हणूनच तो सोसतो आणि लक्षातही राहतो.

हेच सूत्र सहलीलाही लावता येईल. जायचेच असेल तर सात देशांऐवजी एक गाव निवडावे आणि स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. पहिले तीन दिवस काहीही ठरवू नये आणि पुढेही एक दिवसाआड मोकळा ठेवावा. विमान उतरताना कान दडे बसून दुखतात, तेव्हा तान्ह्याला दूध पाजावे, मोठ्याला घोट घोट पाणी द्यावे. डाळ, तांदूळ, मेतकूट सोबत घ्यावे. तुपाची बरणी मात्र घरीच ठेवावी, कारण युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. तान्ह्यांच्या दुधाच्या भुकटीला तेवढी मर्यादित सूट आहे. आणि एवढे सारे जमणार नसेल, तर चार वर्षे थांबावे. आल्प्स पर्वत कोठेही जात नाही. निघून जाते ते बालपण.

बाजारपेठेचा धर्म विकण्याचा आहे. ती तिचे काम चोख बजावते. तिला दोष देऊन पालकांची सुटका होत नाही. माहितीपत्रकातील कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, हे ठरविण्याचा अधिकार अद्याप घरातल्या माणसांकडेच आहे. पुढल्या वेळी टेबलावर ती रंगीत पाने पसरली जातील, तेव्हा आजोबांचा प्रश्न हसण्यावारी नेला जाऊ नये. छोटीची दुपारची झोप कोठे आणि किती वाजता, ही त्या आखणीतील पहिली ओळ असावी. देश त्यानंतर मोजावेत.